घरच्या संगणकातील ‘ट्रोजन’ : ओळख व निर्मूलन

गाजर गवत आज महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्यास अपरिचित नाही. पुण्याच्या परिसरात त्याची प्रथम नोंद १९५५-५६ च्या सुमारास झाली आणि परदेशातून आलेल्या धान्यात मिसळून त्याचे बी येथे पोहोचले, असे सामान्यतः मानले जाते. धान्य हवे होते म्हणून ते मागविले गेले. बी त्याच्या आडून आले. घरोघरी पोहोचलेल्या संगणकासही याच रीतीचा एक उपद्रव जडलेला आहे. त्यास ‘ट्रोजन’ असे म्हणतात. हव्या असलेल्या वस्तूच्या आडून, संगणकाच्या मालकाच्याच हाताने तो आत घेतला जातो, आणि त्याच्या बंदोबस्ताचा सर्व विचार या एका गोष्टीपासून सुरू करावा लागतो.

शेतकऱ्याच्या घरातील संगणकावर आता बरेच काही अवलंबून असते. सातबाराचे उतारे, पीकविम्याची पोच, दुधाचे हिशेब, ठिबक संचाच्या अनुदानाची कागदपत्रे, मुलांचा अभ्यास आणि बँकेचे व्यवहार हे सर्व एकाच यंत्रात राहते. पूर्वी ही कागदपत्रे ट्रंकेत कुलपाखाली असत. संगणकाचे कुलूप म्हणजे पासवर्ड, आणि ट्रोजन बहुधा त्याच्याच शोधात असतो. खरिपाच्या तोंडावर पीककर्जाची रक्कम खात्यात जमा व्हावी आणि बियाणे-खते आणण्यापूर्वीच ती परस्पर निघून जावी, इतकी हानी त्याच्यापासून संभवते.

नाव व प्रकार

प्राचीन ग्रीक कथेनुसार ग्रीकांनी ट्रॉय या तटबंदीच्या नगरास दहा वर्षे वेढा दिला, तरी ते हाती लागेना. अखेर त्यांनी एक प्रचंड लाकडी घोडा उभारून ठेवला, त्याच्या पोटात निवडक योद्धे दडविले आणि आपण माघार घेतल्याचा देखावा केला. देवतेस वाहिलेली ती वस्तू नगरवासीयांनी आनंदाने ओढून आत नेली. रात्री योद्धे बाहेर पडले, त्यांनी वेशी उघडल्या आणि नगराचा नाश झाला. वास्तविक घोडा ग्रीकांचा होता. नाव मात्र फसलेल्या ट्रॉयवासीयांचे चिकटले. संगणकाच्या संदर्भात हे नाव १९७२ साली अमेरिकन हवाई दलासाठी तयार झालेल्या एका अहवालात आढळते. त्या काळी घरी संगणक असेल ही कल्पनाही कोणी करीत नसे.

संगणकाच्या प्रत्येक दुखण्यास ‘व्हायरस’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो फारसा बाधक नसला तरी भेद समजून घेणे उपयुक्त आहे. व्हायरस दुसऱ्या प्रोग्रामला चिकटून आपल्या प्रती वाढवितो. ‘वर्म’ कोणाच्या मदतीवाचून जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. ट्रोजनला सामान्यतः यांपैकी काहीही करावे लागत नाही. उपयुक्त प्रोग्रामचे, बिलाचे अथवा छायाचित्राचे रूप घेऊन तो वाट पाहतो, आणि मालकाने फाइल उघडली की त्याचे काम सुरू होते.

१९८९ सालचे उदाहरण

ट्रोजनचा स्वभाव समजण्यास एक जुने उदाहरण आजही पुरेसे आहे. डिसेंबर १९८९ मध्ये लंडनहून सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने निरनिराळ्या देशांत पाठविण्यात आल्या. संगणकविषयक एका नियतकालिकाचे वर्गणीदार आणि एड्स रोगावरील जागतिक परिषदेस हजर राहिलेली मंडळी यांच्या पत्त्यांवर त्या गेल्या. डिस्कवर एड्सविषयी माहिती असल्याचे लिहिलेले होते आणि ते खोटेही नव्हते. प्रश्नांची उत्तरे दिली असता रोगाचा धोका किती, हे सांगणारा प्रोग्राम तीत खरोखरच होता व तो नीट चालत असे. सोबतच्या पत्रकात बारीक अक्षरांत भाडे भरण्याच्या अटीही छापलेल्या होत्या. त्या बहुतेकांनी वाचल्या नाहीत.

त्या प्रोग्रामबरोबर दुसरा एक प्रोग्राम संगणकात उतरत असे. संगणक किती वेळा सुरू झाला, याची तो मुकाट्याने मोजणी करी. ही संख्या सुमारे ९० झाली की तो फाइलींची नावे सांकेतिक लिपीत बदलून टाकी, काही फाइली दिसेनाशा करी आणि पनामा देशातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठविण्याची मागणी पडद्यावर दाखवी. तोपर्यंत फ्लॉपी घातल्यास कित्येक आठवडे लोटलेले असत. दुखणे कशापासून सुरू झाले, हे कोणास चटकन आठवत नसे.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. तपासाअंती असे दिसून आले की, या ट्रोजनने फक्त फाइलींची नावे बिघडविली होती. आतील मजकूर शाबूत होता. नावे पूर्ववत करणारा प्रोग्राम इंग्लंडमधील एका तज्ज्ञाने तयार करून विनामूल्य दिला. परंतु तत्पूर्वीच काही जणांनी घाबरून आपल्या डिस्क पुसून टाकल्या होत्या आणि त्यांचे काम कायमचे गेले. उपद्रवाने जे नेले नव्हते, ते घाईच्या उपायाने नेले. या प्रकरणी एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञास अटक झाली. परंतु त्याची मानसिक अवस्था खटल्यास योग्य नसल्याचे ठरून इंग्लंडमधील खटला उभा राहू शकला नाही.

आत येण्याच्या वाटा

आज फ्लॉपी नाही व टपालही लागत नाही. सर्वांत रुळलेली वाट म्हणजे फुकट मिळणारा चोरीचा प्रोग्राम. हिशेबाचा, चित्रे सुधारण्याचा अथवा मराठी टंकलेखनाचा किमती प्रोग्राम ‘क्रॅक’ करून कोणी देऊ करतो आणि तो बसविण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद ठेवण्यास सांगतो. राखणदारास रात्रीपुरते घरी पाठवा, असे सांगणाऱ्या पाहुण्याविषयी कोणताही शेतकरी संशय घेईल. संगणकाच्या बाबतीत मात्र हीच सूचना शेकडो ठिकाणी मुकाट्याने पाळली जाते.

दुसरी वाट ई-मेलची. खताचे बिल, बँकेची नोटीस अथवा पार्सलची पावती असे नाव असलेली फाइल येते. फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे तिचा प्रकार सांगतात. ‘पीडीएफ’ म्हणजे वाचावयाचा कागद, ‘ईएक्सई’ म्हणजे चालणारा प्रोग्राम. विंडोज ही शेवटची अक्षरे सामान्यतः लपविते. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर ‘बिल.पीडीएफ’ अशीच दिसते. विंडोज ११ मध्ये फाइलींच्या खिडकीतील ‘व्ह्यू’, त्यातील ‘शो’ व त्यातील ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ यावर खूण केली असता ही अक्षरे दिसू लागतात. अर्ध्या मिनिटाचे हे काम प्रत्येक घरी आजच करून टाकण्यासारखे आहे.

अलीकडे आणखी एक युक्ती फार फोफावली आहे. एखाद्या पानावर ‘आपण यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा’ असे येते आणि त्यासाठी विंडोजची कळ व ‘आर’ एकदम दाबून, उघडलेल्या चौकटीत काही मजकूर चिकटवावयास सांगितले जाते. तो मजकूर म्हणजे ट्रोजन मागवून घेण्याचा हुकूम असतो. माणूस असल्याची खात्री करून घेण्यासाठी कोणतेही प्रामाणिक पान हे करावयास सांगत नाही.

मोबाइलवर शासकीय योजनेच्या नावाने ‘एपीके’ फाइली फिरतात, हे आता बहुतेकांच्या कानी आहे. पीएम-किसानच्या नावाचा असा दुरुपयोग झालेला आहे. त्यांचे तत्त्व तेच असले तरी उपाय वेगळे असल्याने येथे संगणकाचाच विचार केला आहे.

लक्षणे

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की शिरतानाचे छिद्र बुजून जाते व बोंड बाहेरून निरोगी दिसते. ट्रोजनचेही बहुधा असेच असते. चांगल्या रचनेचा ट्रोजन काहीच लक्षण दाखवीत नाही. दाबलेल्या कळांची तो नोंद ठेवतो, ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड उचलतो आणि दूरच्या माणसाकडे पाठवितो. काही ट्रोजन त्या माणसास हा संगणक आपल्या घरून चालविताही यावा, अशी सोय करून देतात.

तथापि काही खुणांकडे दुर्लक्ष करू नये. अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे व पुन्हा सुरू न होणे, आपण न बसविलेले प्रोग्राम दिसणे, ब्राउझरचे पहिले पान बदलणे, आपल्या नावाने इतरांस न पाठविलेले संदेश जाणे, न मागता बँकेचा ओटीपी येणे या त्या खुणा होत. शेवटची खूण दिसताच अन्य कामे बाजूस ठेवावीत. संगणक मंद चालणे एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. गावाकडील संगणकाच्या पंख्यात धूळ व कोंडा इतका बसतो की यंत्र तापून मंदावते. ट्रोजन समजून सगळा संगणक पुसावयास काढण्यापूर्वी पंखा साफ करून पाहणे शहाणपणाचे.

निर्मूलनाचा क्रम

संशय पक्का होताच प्रथम इंटरनेट तोडावे. वायर असल्यास ती काढावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असल्यास तो बंद करावा. यामुळे ट्रोजन मरत नाही, परंतु त्याचा धन्याशी संबंध तुटतो.

पैसे गेले असतील तर संगणक तसाच ठेवून आधी बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असते. ती वाटेत अडविली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. फाइल आपणच उघडली, या लाजेने माणूस दोन-दोन दिवस घरातही बोलत नाही. अशा वेळी त्यास प्रथम फोन लावून द्यावा. कानउघाडणीस पुढे सवड आहे.

त्यानंतर पासवर्ड बदलावेत, आणि ते दुसऱ्या, निरोगी संगणकावरून किंवा मोबाइलवरून. लागण झालेल्या संगणकावर नवा पासवर्ड टाकला तर तोही त्याच वाटेने जाईल. क्रमात पहिला मान ई-मेलचा, कारण ज्याच्या हाती ई-मेल त्यास इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड नव्याने मागविता येतात. मग बँक व त्यानंतर बाकीची खाती. केवळ पासवर्ड बदलून भागत नाही. एकदा ओळख पटली की पुन्हा न विचारता प्रवेश देण्याची एक खूण ब्राउझर जपून ठेवतो व काही ट्रोजन ती खूणच चोरून नेतात. म्हणून प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ अशा अर्थाची जी सोय असते, तिचा अवश्य उपयोग करावा.

यानंतर आवश्यक कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. प्रोग्राम घेऊ नयेत. कागदाबरोबर कीड नेण्याचा तो मार्ग आहे. ही प्रत तपासून झाल्याखेरीज दुसऱ्या संगणकात उघडू नये. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा ट्रोजन असेल तर त्या कुलूपबंद फाइलीसुद्धा जपून ठेवाव्यात. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल व दोन संगणक-सुरक्षा कंपन्या यांनी जुलै २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. अशा काही ट्रोजनांची कुलपे उघडण्याची साधने त्यातून विनामूल्य मिळतात. आज न उघडणारी फाइल पुढे उघडू शकते. पुसलेल्या फाइलीस तो मार्ग उरत नाही.

मग प्रत्यक्ष तपासणी. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ व त्यातील ‘स्कॅन ऑप्शन्स’ येथे तपासणीचे प्रकार दिसतात. ‘फुल स्कॅन’ प्रत्येक फाइल पाहतो. त्यास काही तास लागतात. ‘ऑफलाइन स्कॅन’ मात्र संगणक बंद करून पुन्हा सुरू होताना, विंडोज पूर्ण जागे होण्यापूर्वीच तपासणी करतो व सुमारे १५ मिनिटांत आटोपतो. विंडोज चालू असताना चतुर ट्रोजन तपासनीसाच्या नजरेआड राहू शकतो. या पद्धतीत त्यास ती संधी मिळत नाही. हाती असलेले काम जतन करूनच हा स्कॅन सुरू करावा.

डिफेंडरच ट्रोजनने बंद पाडला असेल, तर मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’ दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणावा. तो उतरविल्यापासून १० दिवसच चालतो, यास्तव जुनी प्रत जपून ठेवण्यात अर्थ नाही. काम झाल्यावर तो पेनड्राइव्ह फॉरमॅट केल्यावाचून परत नेऊ नये. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेमार्फत फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झाले. अशी सफाईची साधने तेथेही विनामूल्य ठेवलेली आहेत. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. ते परस्परांनाच अडथळा करतात.

तपासणीत सापडलेली वस्तू काढून टाकल्यावर तीन ठिकाणे हाताने पाहावीत. बसविलेल्या प्रोग्रामांची यादी पाहावी. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांची यादी पाहावी. तिसरे, ब्राउझरमधील ‘एक्स्टेन्शन्स’. या जागेकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. अपरिचित नाव दिसले म्हणून लगेच काढून टाकू नये. विंडोजच्या स्वतःच्या पुष्कळ प्रोग्रामांची नावे सामान्य माणसास विचित्रच वाटतील अशी असतात. नाव टिपून चौकशी करावी, नंतरच हात घालावा.

पुन्हा उगवल्यास

हरळी वरवर खुरपली तर पावसाबरोबर परत येते. ‘एमोटेट’ या ट्रोजनचा इतिहास असाच आहे. २०१४ साली तो बँकेचे पासवर्ड चोरणारा म्हणून उघडकीस आला. पुढे त्याने दुसऱ्या ट्रोजनांना संगणकात आणून सोडण्याचा धंदाच मांडला. जानेवारी २०२१ मध्ये आठ देशांच्या तपास यंत्रणांनी त्याचे नियंत्रक संगणक ताब्यात घेतले आणि २५ एप्रिल २०२१ रोजी लागण झालेल्या संगणकांतून तो आपोआप निघून जाईल अशी व्यवस्था केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुन्हा दिसू लागला.

घरच्या संगणकावर सफाईनंतर तेच नाव पुन्हा आढळले, किंवा दूरचा माणूस संगणक चालवीत होता असे दिसून आले, तर निवडून काढण्याच्या खटपटीत अधिक वेळ घालवू नये. कागदपत्रांची प्रत असल्याची खात्री करून विंडोज नव्याने बसवावे. त्यासाठी निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा आणि त्यावरून, जुनी डिस्क पुसून, स्थापना करावी. यात अर्धा दिवस मोडतो; परंतु दर आठवड्यास संशयाने संगणक उघडण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

येथेच अनेकांची दुसऱ्यांदा फसगत होते. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीस दिलेला संगणक थोडक्या पैशांत नवे विंडोज घालून परत येतो. ते चोरीचे असते आणि ते चालावे म्हणून घातलेल्या ‘अ‍ॅक्टिव्हेटर’मध्ये पुष्कळदा ट्रोजनच असतो. दुरुस्तीस देतानाच हे स्पष्ट विचारावे. संगणकाबरोबर मूळ विंडोजचा परवाना आलेला असेल तर नव्या स्थापनेनंतर तो सामान्यतः आपोआप ओळखला जातो, त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. तसेच विंडोज १० ची नियमित विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे लक्षात घेऊन यंत्र पेलत असल्यास पुढील आवृत्तीच घालून घ्यावी.

नव्या स्थापनेनंतर घरात दोन खाती उघडावीत. एक ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चे, केवळ प्रोग्राम बसविण्यापुरते, दुसरे साधे, रोजच्या कामाचे व मुलांचे. साध्या खात्यातून उघडलेल्या ट्रोजनास साऱ्या संगणकावर हात मारणे कठीण जाते. कागदपत्रांच्या दोन प्रती असाव्यात व त्यांतील एक संगणकापासून अलग, कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेला पेनड्राइव्ह घरच्या डिस्कबरोबरच कुलूपबंद होतो.

गावातील सेवा केंद्रे व छपाईची दुकाने यांचा विचार वेगळा करावा लागेल. तेथील संगणकात दिवसाकाठी अनेकांचे पेनड्राइव्ह घातले जातात आणि ज्याला उतारा छापून हवा असतो, तो आपला पेनड्राइव्ह घरी नेऊन पुन्हा स्वतःच्या संगणकात घालतो. अशा ठिकाणी नेण्यासाठी एक लहान पेनड्राइव्ह निराळा ठेवावा, त्यावर छापावयाच्या कागदाखेरीज काही असू नये, आणि घरी आल्यावर त्यावरील काहीही उघडण्यापूर्वी तो फॉरमॅट करावा.